थांबलो आहोत

आमचे आबा कीर्तन करायचे, असं मी खराडीच्या आमच्या सोसायटीत कुणाला सांगितलं की समोरचा माणूस साहजिकच विठ्ठल-रखुमाईकडे वळतो. त्यात त्याची चूक नाही. आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी 'कर', नेसणं-बोलणं चारचौघींसारखं. त्यामुळे आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही आणि सांगितल्यावरही लगेच शिरत नाही. 'म्हणजे नक्की कोण?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लिफ्ट आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत सांगून होईल तेवढं मी सांगते. बाकीचं इथे लिहिते आहे.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. त्यांना मोशेचं कीर्तन यायचं, दावीदाचंही यायचं, पण लोक मागायचे ते योसेफाचं. शनिवारी संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसल्या, शब्बाथ, म्हणजे काम न करायचा आमचा पवित्र वार, सुटला, की रास्ता पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सतरंजी अंथरली जायची. आई काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून सरबत करायची. पोह्यात गूळ-खोबरं कालवून वर वेलची घालायची. त्या वासाने खालच्या मजल्यावरची मुलंही जिन्यात येऊन बसत. आबांची हार्मोनियम जुनी होती. तिची एक पट्टी दाबली की वर यायची नाही, ती आबा गाता गाता नखाने उचलत, आणि आम्हा मुलांना वाटायचं की तसंच वाजवायचं असतं. मग योसेफाचा रंगीत झगा, भावांचा मत्सर, कोरडी विहीर, भावाला विकून टाकणं, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून म्हाताऱ्या बापापुढे, याकोबापुढे टाकणं. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पुढे मिसर देश, दुष्काळ, धान्य मागायला आलेले तेच भाऊ, त्यांना न ओळखल्यासारखं करणारा आणि शेवटी न राहवून 'मीच योसेफ' म्हणणारा योसेफ. बाप मिसरात येतो, सुखाने मरतो, मुलं त्याला वाजतगाजत आपल्या मुलखात नेऊन वाडवडिलांच्या गुहेत पुरतात. दुसरा कुणी असता तर इथे आरती म्हणून मोकळा झाला असता. आबा मात्र इथून पुढेच खुलायचे.

कारण बापाला पुरून परत येताना भावांना धास्ती वाटते. बाप होता म्हणून हा गप्प होता, आता हा आपला सूड घेणार. मग ते योसेफाला आधी निरोप धाडतात आणि मागाहून स्वतः जातात. निरोप असा, की बाबारे, मरण्याआधी वडील सांगून गेलेत, भावांना माफ कर. इथे आबा भाता सोडायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि विचारायचे, खरं सांगा मंडळी, याकोब असं म्हणाला होता का? मंडळी गप्प, कारण उत्तर सगळ्यांना पाठ. पोथी पुढून वाचा नाहीतर मागून वाचा, आबा म्हणायचे, म्हाताऱ्याने मरताना बाराही मुलांना जवळ घेऊन ढीगभर सांगितलंय, त्यात हे एवढं नाही. म्हणजे भावांनी बापाच्या नावावर चक्क थाप मारली. आणि योसेफाला ते कळलं नसेल? मिसरचा कारभार बघणारा माणूस तो. तरी तो रडला आणि म्हणाला, मी काय देवाच्या जागी आहे का तुमचा न्याय करायला. आता सांगा, ही थाप देवाने पोथीतून का खोडली नाही? याचं उत्तर आबा कधीच देत नसत. नखाने पट्टी उचलून ते सूर धरायचे.

माझे वडील दारापाशी बसायचे, सगळ्यांत मागे. त्यांना आम्ही बाबा म्हणायचो, नाव एलिजा, घरात एली. बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायच्या दुकानात ते कामाला होते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या रेडिओचं ऐकून आल्यावर घरी कमी बोलायचे. पण कीर्तनात हा भाग आला की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, दर वेळी तेच, अगदी हळू. "मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालायला काय जातंय." आबांना ते ऐकू जायचं. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, कारण ते वाक्य योसेफाच्या भावांसाठी नव्हतं, हे आमच्या घरात मांजरालासुद्धा माहीत होतं.

ते होतं शालोमकाकांसाठी; भावावर अन्याय करणाऱ्या भावाला स्वस्तात माफी मिळू नये, असं त्यातून बाबांना म्हणायचं असायचं. शालोमकाका बाबांचे थोरले भाऊ. लष्कराच्या हिशेब कचेरीत कारकून, इस्त्रीची पँट, मनगटावर घड्याळ, सगळं वेळच्या वेळी. मी जन्मायच्या आधी बाबा घरात भांडून दौंडला रेल्वेत नोकरीला गेले होते. आजीला ते आवडलं नव्हतं, काकांना तर मुळीच नाही. आजी तशीच एका पहाटे अचानक गेली. आमच्यात मृताला ताटकळत ठेवत नाहीत, शक्य तर त्याच दिवशी माती देतात. पण दौंड ते पुणे म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळी तार गेली असती तर बाबा दुपारच्या गाडीने आले असते. आबा तेव्हा सुन्न होऊन बसले होते, सगळं काकांच्या हातात होतं; तार गेली ती दफनानंतर. तिच्यात लिहिलं होतं, आई गेली, दफन झालं. बाबा पोचले तेव्हा ओल्या मातीचा उंचवटा तेवढा शिल्लक होता. मुलाने आईच्या कबरीत आपल्या हाताने माती लोटायची असते. ती राहिली ती राहिलीच. शोकात सदरा छातीशी फाडतात, तो हझान, म्हणजे आमच्या प्रार्थना चालवणारे गृहस्थ, फाडतात. बाबांनी तो एकट्याने, स्वतःच फाडला. काकांनी म्हणे एवढंच सांगितलं, की जो सोडून गेला त्याच्यासाठी आईला थांबवून ठेवायची का? त्यानंतर बाबा पुण्यात परतले, लग्न झालं, आम्ही झालो, पण त्या दोघांत एक शब्द झाला नाही. प्रार्थनेला एकाच ठिकाणी जायचे. काका डावीकडच्या बाकावर, बाबा उजवीकडच्या. सणाला एकमेकांकडे ताटं जायची, ती आई आणि लिआकाकी पोचवायच्या. पुण्यात माणसं यापेक्षा लहान कारणांवरून यापेक्षा जास्त वर्षं अबोला धरतात, त्यामुळे कुणाला त्याचं फार वाटत नसे.

मला मात्र वाटायचं. मला काका आवडायचे.

आबा आमच्याकडे राहायचे, म्हणून काका दर रविवारी त्यांना भेटायला येत, आणि बाबा त्याच वेळी पिशवी घेऊन बाहेर पडत. मंडईत नाहीतर बुधवारातल्या जुन्या सामानाच्या गाड्यांवर त्यांना तेव्हाच काहीतरी घ्यायचं असे. दोघांची जिन्यात गाठ पडू नये इतकी ती वेळ दोघांनी न बोलता ठरवून घेतली होती. मग आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं कळायचं, डोळे हलायचे, पण तोंडातून 'हं'च्या पलीकडे काही उमटायचं नाही. जन्मभर बोलून पोरंबाळं रडवली त्या माणसाचं हे व्हावं, याचा मला तेव्हा फार राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शाळेतून आले की त्यांना नाचणीची पेज भरवायचं काम माझं, म्हणजे राहेलचं. रविवारी काका आले की मीच पाट मांडायची आणि चमचा हातात घेऊन तिथेच बसायची. काका कचेरीतल्या गोष्टी सांगायचे, त्यांची इस्राएलची कागदपत्रं कुठवर आली ते सांगायचे. त्यांचं सगळं घर तिकडे निघालं होतं. आबा 'हं' म्हणायचे. जाताना काका त्यांचा निर्जीव हात हातात घेऊन बसायचे आणि मग घड्याळ बघून उठायचे. एवढंच व्हायचं, दर रविवारी, वर्षभर. हे मी इतकं तपशिलाने सांगते आहे, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

आबा गेले ते शुक्रवारी, सकाळच्या चहाच्या वेळी. काका तेव्हा पुण्यात नव्हते. देशांतर करायच्या आधी गावचं घर शेवटचं बघावं म्हणून अलिबागकडे गेले होते, नारळ उतरवून घ्यायला. शुक्रवार म्हणजे सूर्य मावळला की शब्बाथ, आणि शनिवारी दफन करता येत नाही. कोकणातून माणूस संध्याकाळच्या आत पुण्याला यायचा नाही, हे उघड होतं. म्हणजे इतकी वर्षं बाबा ज्या ओझ्याखाली वाकले होते तेच ओझं नेमकं काकांच्या पाठीवर ठेवायची संधी आयती चालून आली होती, तीसुद्धा धर्माला धरून. कुणी बोट दाखवलं नसतं.

हझान आले, शमुवेलकाका. त्यांनीच आजीचंही केलं होतं. त्यांनी आबांच्या तोंडावरची चादर सारखी केली आणि बाबांना म्हणाले, की दुपारपर्यंत उरकून घेऊ, शब्बाथच्या तोंडावर खोळंबा नको. बाबा म्हणाले, "मोठा मुलगा गावी आहे. तार करून आलोय." हझान म्हणाले की तो येईपर्यंत रविवार उजाडेल. "मग रविवारी," बाबा म्हणाले. हझानांनी विचारलं, की त्याच्यासाठी थांबतोस? बाबा म्हणाले, "आबांसाठी. त्यांना दोन मुलगे आहेत." तारेत त्यांनी काय लिहिलं ते मला नंतर लिआकाकींकडून कळलं. आबा गेले, थांबलो आहोत.

आई स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, की हे मात्र भाऊजींना जन्मभर पुरेल. मला तेव्हा ते दुष्टपणाचं वाटलं. आता वाटतं, तिला नवरा चांगला कळत होता. थांबणं म्हणजे माफ करणं नव्हे. थांबूनही माणसाला मारता येतं आणि बाबांचा चेहरा त्या दिवशी तसाच होता, दगडासारखा.

बर्फाच्या लाद्या आल्या. शनिवारी आम्ही त्या उचलायच्या नाहीत, म्हणून शेजारचे लिमयेकाका आणि त्यांचा मेव्हणा बादल्या घेऊन येत-जात राहिले. बर्फ वितळून सतरंजीखालून पाणी वाहायचं आणि लिमयेकाका पंचा खोचून ते पुसायचे. त्या दिवशी शोकही करायचा नसतो, शब्बाथ आहे म्हणून. आम्ही सगळे स्वच्छ कपडे घालून, आबा आत असताना, बाहेरच्या खोलीत थंड जेवण जेवलो. आजही उन्हाळ्यात फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढताना मला ती खोली आठवते.

शालोमकाका शनिवारी संध्याकाळीच आले, चांदण्या दिसायच्या आत. तार मिळाल्याबरोबर ते निघाले होते. रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून स्टेशन, मग पुण्याची गाडी. ज्या माणसाने जन्मात शब्बाथला बसचं तिकीट काढलं नाही तो शब्बाथभर प्रवास करून आला होता, दाढी वाढलेली, पँटला नारळाचे डाग. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "आहेत?" मी हो म्हटलं. ते आत गेले आणि आबांच्या पायांशी बसून इतक्या मोठ्याने रडले की लिमयेकाका बादली तशीच ठेवून खाली निघून गेले. बाबा खिडकीशी उभे होते. ते वळले नाहीत.

रविवारी दोघांनी मिळून आबांना माती दिली. हझानांनी दोघांचे सदरे फाडले, आधी थोरल्याचा, मग धाकट्याचा. परत आल्यावर पहिलं जेवण घरचं चालत नाही, शेजाऱ्यांनी आणलेलं खायचं असतं, आणि त्यात उकडलेली अंडी लागतात. आता आमचे सख्खे शेजारी लिमये, ज्यांच्या घरात अंड्याचं नावही घेत नसत. लिमयेकाकूंनी आईला विचारून आमचंच पातेलं नेलं, आपला स्टोव्ह गॅलरीत काढला, नाकाला पदर लावला आणि अंडी उकडून, सोलून, ताटलीत मांडून आणून दिली. मीठ आहे बरोबर, पण उकडलीत का नीट ते मला विचारू नका, असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. काका आणि बाबांनी एकाच ताटलीतून ती खाल्ली, एकमेकांकडे न बघता.

मग सात दिवसांचं सुतक. मृत जिथे राहत होता त्या घरात सगळ्यांनी एकत्र बसायचं, जमिनीवर, अनवाणी, आरशावर कापड टाकून. म्हणजे काका आमच्याकडे. इतक्या वर्षांत जे दोघे जिन्यात भेटले नव्हते ते आता सकाळपासून एका सतरंजीवर. संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमली की सोपं जायचं, दोघे एका सुरात कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायचे, आणि त्यांचे आवाज इतके सारखे होते की मला डोळे मिटून वेगळे करता येत नसत. माणसं गेली की पुन्हा शांतता. काका वाळत चालले होते. त्यांच्या इस्राएलला जाण्याला थोडे महिने उरले होते. तिथून कुणी सहज परत येत नसे. थांबलो आहोत, ही तार त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि बाबा कधीतरी तिचा हिशेब मांडतील याची ते वाट बघत होते. बाबा काहीच मांडत नव्हते. तेच त्यांना सोसत नव्हतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी लिआकाकी आईशेजारी डाळ निवडत बसल्या. खाली मान घालून म्हणाल्या, की आबा आमच्या ह्यांना बोलले होते, एलीला म्हणावं झालं गेलं विसर, तेवढं भाऊजींच्या कानावर घालाल का? आईच्या हातातलं सूप थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "हे त्यांनीच सांगावं. मी नाही निरोप पोचवायची."

त्या संध्याकाळी प्रार्थनेची माणसं पांगल्यावर दिवा लागला. आबांच्या जागी त्यांची हार्मोनियम ठेवलेली होती. काकांनी घसा साफ केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "एली, आबा मला सांगून गेलेत. म्हणाले, एलीला म्हणावं, शालोमला माफ कर."

खोलीत आम्ही पाचजण होतो आणि पाचहीजणांनी ते कीर्तन तान्हेपणापासून नाहीतर लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं होतं. काकांनी तर सगळ्यांत जास्त. लहानपणी झांजा तेच धरायचे. एवढ्या हुशार माणसाला दुसरी कुठली थाप सुचू नये? पण त्यांना तीच सुचली, आणि ती तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. वर्षभर आबांना 'हं'शिवाय काही म्हणता येत नव्हतं. प्रत्येक रविवारी चमचा धरून मी तिथे बसलेली होते. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते वाक्य आता येणार, मेलेल्या बापाच्या तोंडी. ते एकदा निघालं असतं की काका उठून गेले असते, थेट इस्राएलपर्यंत.

बाबांनी विचारलं, "कधी म्हणाले?"

"एका रविवारी. तू बुधवारातल्या गाड्यांवर गेला होतास."

"हो," बाबा म्हणाले. "रविवारी मी नसायचोच."

एवढं म्हणून ते हार्मोनियमकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला, ती रुतलेली पट्टी दाबली आणि नखाने वर उचलली. भाता बंद होता, आवाज आला नाही. मला वाटतं, देवाने ती थाप का खोडली नाही, या आबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथे मिळालं. मला ते मिळायला अजून बरीच वर्षं लागली, काकांना तिकडे त्यांच्या मुलांनी माती दिली आणि इथे बाबांनी एकट्याने कद्दिश म्हटलं तोपर्यंत. पण ती पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी बाबांचे डोळे भरून आले, आणि मला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्या माणसाला हाक मारली.

"दादा, आणखी काय म्हणाले आबा?"

काका गोंधळले. एवढीच थाप त्यांनी तयार केली होती. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि थोडं थांबून म्हणाले, "म्हणाले... म्हणाले, शालोम, तू त्या दिवशी थांबायला हवं होतंस. तुझं चुकलं." त्यांनी खिशातल्या तारेवर हात ठेवला. "खूप चुकलं म्हणाले."

"आणि माझं काही?"

"म्हणाले, एली बघ कसा थांबला."

हे तर आबांना जिवंतपणी म्हणता येणं शक्यच नव्हतं. आईने नाक ओढलं आणि चहाचं आधण ठेवायला गेली. बाबा सतरंजीवर सरकून काकांच्या जवळ बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि पुन्हा विचारलं, आणखी? काका सांगत गेले. हार्मोनियमचा भाता शिवून घ्या म्हणाले. राहेल पेज फार गरम भरवते म्हणाले. आईच्या कबरीवर एकदा दोघे मिळून जा म्हणाले. वर्षभर एक शब्दही न बोललेले आबा त्या संध्याकाळी बराच वेळ बोलत होते.